−१२८ ची किंमत: आठ बिटी मॅक अरेच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

काम असं: न्यूरल नेटवर्कच्या गणितासाठी मॅकचा (गुणाकार करून तो बेरजेत मिळवणाऱ्या एककांचा) ८ × ८ चा सिस्टॉलिक अरे, म्हणजे दर क्लॉकला शेजाऱ्याला आकडे पुढे देणारी जाळी, वजनं आणि ॲक्टिव्हेशन दोन्ही आठ बिटी, रचना आउटपुट-स्टेशनरी. ॲक्टिव्हेशन डावीकडून उजवीकडे सरकतं, वजन वरून खाली, आणि प्रत्येक पीईत (जाळीतल्या एककात) एकेक आउटपुट जागच्या जागी साठत जातं. वाटा दोन, समांतर. आर्टिक्स-७ ३५टी या एफपीजीएवर (आतली जोडणी हवी तशी ठरवता येणारी चिप) प्रोटोटाइप (चिपवर ९० डीएसपी४८ई१, म्हणजे तयार गुणक-ॲडर ब्लॉक, आहेत), आणि तेच गणित स्टँडर्ड सेलमध्ये, म्हणजे लायब्ररीतल्या तयार गेटांनी, स्काय१३० या १३० नॅनोमीटरच्या चिप-प्रक्रियेवर. क्लॉक एफपीजीएवर २०० मेगाहर्ट्झ. सगळे पीई चालू असताना ६४ × २०० × २, म्हणजे २५.६ गिगाऑप्स, याहून मोठा आकडा कुठल्याही सादरीकरणात टाकायचा नाही.

मॅक म्हटलं की सगळ्यांचं लक्ष गुणाकाराकडे जातं. हॉरोविट्झ यांनी २०१४ च्या आयएसएससीसी या चिप-परिषदेत मांडलेले ४५ नॅनोमीटरचे आकडे समोर ठेवले: आठ बिटी गुणाकार ०.२ पिकोज्यूल, ३२ बिटी बेरीज ०.१ पिकोज्यूल. अक्युम्युलेटर (बेरीज साठवणारं रजिस्टर) डोळे मिटून ३२ बिटांचा ठेवला तर गुणाकाराच्या निम्मी ऊर्जा नुसत्या बेरजेत जाते. शिवाय ८ केबीच्या एसरॅममधून (चिपवरच्या मेमरीतून) ६४ बिट वाचायला १० पिकोज्यूल लागतात, म्हणून वाचलेला प्रत्येक बाइट आठ पीईंना वापरू देणं हे आधी आलं. ते अरेच्या रचनेतच होतं. उरतो तो अक्युम्युलेटर.

९ जानेवारी

अक्युम्युलेटर किती रुंद? सर्वांत लांब बेरीज १०२४ पदांची आहे (१ × १ कन्व्होल्यूशन, १०२४ चॅनेल).

पूर्ण −१२८ ते १२७ धरलं तर सर्वांत मोठा गुणाकार (−१२८)(−१२८) = १६३८४. त्याच्या १०२४ पट बरोब्बर २^२४. चिन्हांकित २५ बिटांत २^२४ − १ पर्यंतच मावतं. एका एककासाठी २६वा बिट लागतो.

वजनातून −१२८ काढून टाकलं तर सर्वांत मोठा गुणाकार १२७ × १२८ = १६२५६, आणि त्याच्या १०२४ पट १,६६,४६,१४४. २५ बिटांत बसतं, वर १,३१,०७१ एवढी जागा उरते.

टेन्सरफ्लो लाइटच्या आठ बिटी नियमांत कन्व्होल्यूशनची वजनं −१२७ ते १२७ अशीच असतात, त्यामुळे मागणी काही जगावेगळी नाही. ६४ पीईंत मिळून ६४ फ्लॉप (एकेक बिट साठवणाऱ्या जागा) वाचतात. तेवढ्यासाठी कोणी भांडणार नाही. पण −१२८ ला मनाई करून ठेवली. पुढे तिचाच उपयोग झाला.

१४ जानेवारी

एफपीजीएची वाट. डीएसपी४८ई१ चा गुणक २५ × १८ चा. त्यात एकच आठ बिटी गुणाकार घालणं म्हणजे ट्रकमधून एक पिशवी नेणं. दोन आउटपुट चॅनेलची वजनं व१ आणि व२, ॲक्टिव्हेशन दोघांना तेच. म्हणून प्री-ॲडरवर (गुणकाआधीच्या ॲडरवर) व१·२^न + व२ बनवायचं (न म्हणजे व१ किती बिट वर सरकवायचं तो आकडा) आणि ॲक्टिव्हेशनने एकदाच गुणायचं. उत्तरात वर व१ चा गुणाकार, खाली व२ चा.

प्रश्न फक्त न किती घ्यायचा. न मोठा तितकी खालच्या कप्प्यात जास्त पदं साठवता येतात, पण व१ वर सरकत २५ बिटांच्या भिंतीला टेकतं.

न = १७ घेतला तर −१२८·२^१७ = −२^२४, म्हणजे २५ बिटांचं अगदी टोक. व२ शून्य किंवा धन असेल तोवर ठीक. व२ ऋण झालं की बेरीज भिंतीपलीकडे जाते आणि वरचं चिन्ह उलटतं. पूर्ण पल्ल्याची वजनं घ्यायची तर न = १६ वर थांबावं लागतं. मग खालचा कप्पा १६ बिटांचा, त्यात १६३८४ एकदा मावतो; दोनदा मिळवला की ३२७६८, पुन्हा एका एककाने बाहेर. थोडक्यात, दर क्लॉकला कप्पा रिकामा करा.

−१२८ नसेल तर न = १७ बिनधोक चालतो: −१२७·२^१७ − १२७ हे −२^२४ च्या बरंच आत आहे. कप्पा १७ बिटांचा, ४ × १६२५६ = ६५०२४, मर्यादा ६५५३५. चार पदं डीएसपीच्या आतच साठतात.

एकाऐवजी चार. ९ तारखेला फुटकळ वाटलेली मनाई इथे वसूल झाली.

(अल्ट्रास्केलच्या डीएसपी४८ई२ मध्ये गुणक २७ × १८ आहे. तिथे हाच हिशेब पूर्ण पल्ल्यासाठी न = १८ आणि ७ पदं असा येतो; −१२८ वगळलं तर न = १९ आणि १६ पदं. बोर्ड बदलला तर ही ओळ शोधावी.)

१७ जानेवारी

कप्पे उघडताना होणारी चूक ठरलेली आहे, आणि ती झालीच. खालचा कप्पा ऋण असला की तो वरच्याकडून एक उसना घेतो. वरचा कप्पा नुसता बिट १७ पासून कापून घेतला तर उत्तर एकाने कमी येतं. दुरुस्ती सोपी: वरच्या कप्प्यात बिट १६ मिळवायचा. त्याला वेगळी बेरीज नको, पुढच्या ॲडरच्या कॅरी-इनला तो बिट जोडला की झालं.

ही चूक अचूकतेच्या चाचणीत दिसत नाही. १०२४ पदांत कप्पा २५६ वेळा रिकामा होतो. त्यातले निम्मे ऋण धरले तर उत्तर १२८ च्या आसपास घसरतं. लाखांत असलेली बेरीज पुन्हा आठ बिटांवर आणल्यावर ही घसरण बहुतेक वेळा पुसली जाते, वर्गीकरणाचा निकाल तोच येतो आणि सगळे खूष. म्हणून ठरवलं: टॉप-१ (पहिल्या क्रमांकाचं वर्गीकरण) जुळलं म्हणजे सर्किट बरोबर, हा निकष इथे चालणार नाही. बिट न बिट जुळला पाहिजे.

२१ जानेवारी

व्हिवाडोने (एफपीजीएच्या टूलने) पहिल्या सिंथेसिसमध्ये प्री-ॲडर वापरलाच नाही, रजिस्टरही डीएसपीच्या बाहेर ठेवली. कारणं दोन निघाली.

एक: बेरजेचं चल २६ बिटांचं लिहिलं होतं, 'असू दे एक जास्त' म्हणून. २६ बिटी संख्या २५ च्या पोर्टात जात नाही, त्यामुळे टूल बेरीज बाहेर एलयूटीत (एफपीजीएतल्या छोट्या लॉजिक तक्त्यांत) करतं आणि गुणाकारही फोडतं. चल २५ बिटांचं, चिन्हांकित केलं. ही रुंदी पुरते हे १४ तारखेच्या हिशेबाने सिद्ध आहे. टूलला ते आपोआप कळत नाही.

दोन: रीसेट असिंक्रोनस (क्लॉकची वाट न पाहणारा) होता. डीएसपी४८ई१ मधल्या रजिस्टरांना फक्त सिंक्रोनस रीसेट आहे. असिंक्रोनस लिहिलं की ती रजिस्टरं आत ओढली जात नाहीत, फॅब्रिकमध्ये (डीएसपीबाहेरच्या लॉजिकमध्ये) राहतात, आणि ५ नॅनोसेकंदांत गुणाकार बसत नाही. सिंक्रोनस केल्यावर प्री-ॲडर, गुणक आणि आउटपुट, तिन्ही ठिकाणची रजिस्टरं आत गेली. खरं तर डेटापाथला रीसेट हवाच कशाला? पहिल्या पदाला ऑपमोडने (डीएसपीच्या निवड-बिटांनी) मागच्या बेरजेऐवजी शून्य निवडायचं, की जुनं काही उरत नाही आणि रिकामा क्लॉकही जात नाही. रीसेट फक्त कंट्रोलला ठेवला.

२३ जानेवारी

डीएसपींचा अरे आता प्रत्यक्षात ८ × ४: आठ आडव्या रांगा, प्रत्येकीत चार डीएसपी, प्रत्येकात दोन आउटपुट. ९० पैकी ३२ वापरले.

दर चार क्लॉकला प्रत्येक डीएसपी आपले दोन कप्पे बाहेर देतो. सिस्टॉलिक रचनेत शेजारचा डीएसपी एका क्लॉकने मागे चालतो, त्यामुळे रांगेतल्या चौघांच्या पाळ्या आपोआप एकामागोमाग येतात. मग प्रत्येकाला वेगळे अक्युम्युलेटर कशाला? रांगेला ॲडरची एकच जोडी, मागे चार जागांची एलयूटी रॅम, पत्ता ० ते ३ फिरता. २५ बिटी ॲडर ६४ वरून १६ वर आले. बिटाला एक एलयूटी असा ढोबळ हिशेब धरला तर १६०० ऐवजी ४००. न = १६ असता आणि कप्पा दर क्लॉकला रिकामा करावा लागला असता, तर हे शक्यच नव्हतं.

पदांची संख्या चारच्या पटीत नसेल तर शेवटचा गट अर्धवट राहतो. पहिला लेयर ३ × ३ × ३, म्हणजे २७. शेवटी शून्य वजन घालून २८ केले. कंट्रोलमध्ये खास प्रकरण लिहिण्यापेक्षा एक क्लॉक गेलेला परवडला.

३० जानेवारी

चाचण्या. एका क्लॉकच्या गणितात तीन आकडे आहेत: २५५ × २५५ × २५६ = १,६६,४६,४०० जुळण्या. व्हेरिलेटर या सिम्युलेटरवर सगळ्याच्या सगळ्या चालवल्या. नमुना घेत बसण्याचं कारण नाही.

चार पदांच्या साठ्याला मात्र सगळं तपासणं अशक्य, आणि यादृच्छिक चाचणी इथे फसवते. कप्पा १७ बिटांत न मावण्याची एकमेव शक्यता, पूर्ण पल्ला चालू ठेवला असता तर, चारही पदं (−१२८)(−१२८) असण्याची. यादृच्छिक आकड्यांत ती २^६४ मध्ये एकदा येते. आयुष्यभर सिम्युलेशन चालवा, हिरवंच दिसणार. टोकाची पदं हाताने लिहून घातली: चारही +१६२५६, चारही −१६२५६, आणि वर धन-खाली ऋण अशी मिश्र.

−१२८ वजन कुठून शिरतं तेही बघितलं. बॅच नॉर्म (मॉडेलमधली सामान्यीकरणाची पायरी) वजनांत मिसळल्यानंतर पुन्हा क्वांटाइझ करणाऱ्या (आठ बिटांवर आणणाऱ्या) स्क्रिप्टमध्ये मर्यादा −१२८ ते १२७ अशी लिहिलेली असते, तिथून. हार्डवेअरने ते गुपचूप −१२७ करून घ्यावं अशी सूचना होती. नाकारली. वजन लोड होताना −१२८ दिसलं तर एरर बिट लावून थांबायचं. गुपचूप दुरुस्त झालेलं वजन नंतर संदर्भ मॉडेलशी जुळत नाही, आणि मग दोन दिवस भलतीकडेच शोध चालतो.

४ फेब्रुवारी

स्टँडर्ड सेलची वाट. इथे डीएसपी नाही, गुणक आपल्यालाच बांधायचा आहे. (पुढे येणारा डाडा ट्री एफपीजीएवर एलयूटीत बांधू नये, तिथली तयार कॅरी चेन त्याला सहज मागे टाकते.)

पर्याय दोन. साधा अँड गेटांचा जाळा आणि त्यावर डाडा ट्री, म्हणजे गुणाकाराच्या ओळी टप्प्याटप्प्याने दोनवर आणणारी ॲडरांची रचना. किंवा रॅडिक्स-४ बूथ, ज्यात दोन-दोन बिटांचा एक अंक बनवल्याने आठऐवजी चारच ओळी उरतात. १९६५ च्या डाडा पद्धतीत उंचीच्या पायऱ्या २, ३, ४, ६, ९, १३ अशा. आठ ओळींना ८→६→४→३→२, चार टप्पे. ८ × ८ ला ३५ फुल ॲडर (तीन बिट मिळवणारे) आणि ७ हाफ ॲडर (दोन बिट मिळवणारे), शेवटची हातच्याची बेरीज वेगळी. बूथने टप्पे कमी होतात, पण समोर एन्कोडर आणि निवडीचे मक्स येतात, आणि आठ बिटांना ती बचत जवळजवळ तिथेच खर्च होते. सोळा बिट असते तर वाद वेगळा झाला असता.

बूथच्या बाजूने एक चांगला मुद्दा आला: एन्कोडर प्रत्येक पीईत नको, अरेच्या वरच्या काठावर ठेवा; वजन ८ बिटांऐवजी चार अंक × ३ बिट = १२ बिट होऊन खाली सरकेल. एन्कोडर ६४ वरून ८. मोह पडण्यासारखंच आहे. निर्णय लांबणीवर, आधी डाडा.

११ फेब्रुवारी

अक्युम्युलेटर गुणकानंतर वेगळा ठेवण्याऐवजी त्याची ओळ ट्रीतच घातली. स्तंभाची उंची जास्तीत जास्त ८ + १ = ९ होते, आणि ९ ही डाडाची पायरीच आहे: ९→६→४→३→२, टप्पे तेवढेच. म्हणजे साठवण जवळपास फुकटात. शेवटची २५ बिटी हातच्याची बेरीज मात्र दर क्लॉकला करावी लागते, आणि क्रिटिकल पाथ (सर्वांत वेळखाऊ वाट) तिथेच आहे.

मग हातचा सोडवायचाच कशाला? बेरीज आणि हातचे अशा दोन वेगळ्या ओळी ठेवून दोन्ही ट्रीत परत घालायच्या. शेवटी, आउटपुट बाहेर काढताना, एकदाच मिळवायच्या. बाहेर काढणं उभ्या रांगेतून एकामागून एक होतं, त्यामुळे रांगेला एक याप्रमाणे पूर्ण ॲडर आठच. किंमत: पीईला २५ जादा फ्लॉप, ६४ पीईंना १६००. आणि उंची १० झाल्याने वर एक जास्तीचा टप्पा, त्यात फक्त स्तंभ ७ आणि ८ मध्ये एकेक हाफ ॲडर. पूर्ण बेरीज क्लॉकमधून गेली, हे त्या मानाने स्वस्त.

हातचा सोडवलेला नसताना चिन्ह कळत नाही, ओव्हरफ्लो कळत नाही, सॅच्युरेशन (आकडा टोकाच्या मर्यादेवर अडवणं) करता येत नाही. चालतं. मध्ये कितीही वळसा पडला तरी शेवटचं उत्तर २५ बिटांत मावत असेल तर २^२५ च्या शेषात ते बरोबरच येतं. उलट मध्येच सॅच्युरेट केलं तर उत्तर पदांच्या क्रमावर अवलंबून राहतं.

यातच आठवड्यातली सर्वांत चिवट चूक. चिन्हांकित गुणाकारासाठी बॉ-वूली पद्धत: काही पदं उलटी करायची आणि स्तंभ ८ आणि १५ मध्ये एकेक १ घालायचा. १६ बिटी गुणकात ६५,५३६ च्या ६५,५३६ जोड्या बरोबर. साठवणीसह ९ पदांची चाचणी चुकली, ५१२ पदांची बरोबर आली, १०२४ ची बरोबर. लांब बेरीज बरोबर आणि छोटी चूक, हे पाहून आधी कंट्रोलवरच संशय गेला.

कारण गणितातच होतं. खरा स्थिरांक −२^१५ आहे. १६ बिटांत −२^१५ आणि +२^१५ एकच, म्हणून एक १ पुरतो. २५ बिटी साठ्यात ते वेगळे पडतात. स्तंभ १५ पासून २४ पर्यंत सगळीकडे १ हवा. तो नसल्याने प्रत्येक पदाला ६५५३६ जास्त येत होते. ९ पदांना ५,८९,८२४ ची चूक. ५१२ पदांना ५१२ × ६५५३६ = २^२५, म्हणजे शेषात शून्य! चूक होतीच, फक्त पूर्ण फेरी मारून घरी परत येत होती. चाचणीच्या लांबीत आता २ चे घात नाहीत: ७, २७, ५७७, १०२३.

१३ फेब्रुवारी

ते अकरा १ (स्तंभ ८ मधला एक, १५ ते २४ मधले दहा) ट्रीत कशाला बाळगायचे? प्रत्येक पदाला तेच स्थिरांक असतील तर पदांची संख्या × स्थिरांक एवढं शेवटी बायसमध्येच (आउटपुटमध्ये शेवटी मिळवायच्या स्थिर संख्येतच) वजा करता येतं. ट्रीतून ते काढले. स्तंभ ८ ची उंची त्यामुळेच आवरली. नाहीतर ११ तारखेचे दोन हाफ ॲडर पुरले नसते.

२० फेब्रुवारी

शून्य वगळणे. रेलूनंतर (ऋण मूल्यं शून्य करणाऱ्या पायरीनंतर) ॲक्टिव्हेशनमध्ये शून्यं भरपूर असतात, तेव्हा पीईने काहीच करू नये, हा हेतू. लावलं, टॉगल (बिट किती वेळा बदलले ते) मोजले, आणि फरक जवळजवळ नाहीच.

कारण लगेच सापडलं, थोडं ओशाळवाणंच. ॲक्टिव्हेशन असममित क्वांटाइझ केलेलं आहे. रेलूनंतरचं खरं शून्य साठवलं जातं झिरो पॉइंटने (खऱ्या शून्यासाठी ठरवलेल्या आकड्याने), म्हणजे −१२८ म्हणून. सर्किट कच्चं ० शोधत होतं, जे सुमारे पल्ल्याच्या मध्यावरचं मूल्य आहे.

उपाय: ॲक्टिव्हेशन काठावरच चिन्हविरहित करायचं. १२८ मिळवणं म्हणजे वरचा बिट उलटा करणं. आठ रांगांना आठ इन्व्हर्टर. आता खरं शून्य खरोखर ० आहे. परिणाम मात्र सगळीकडे पसरले. सर्वांत मोठा गुणाकार २५५ × १२७ = ३२३८५; १०२४ पट ३,३१,६२,२४०, म्हणून इथे अक्युम्युलेटर २६ बिटांचा. स्थिरांकही बदलला: आता फक्त वजनाच्या चिन्ह-बिटाची ओळ उलटी, म्हणून पदामागे २^१५ − २^७ = ३२६४० वजा करायचे.

(एफपीजीएवर हा बदल केलेला नाही. तिथे कप्प्यात चारऐवजी दोनच पदं मावली असती, २ × ३२३८५ = ६४७७०. तिथे झिरो पॉइंट × वजनांची बेरीज पूर्वीसारखी बायसमध्येच.)

शून्य वगळणं चालू केल्यावर उत्तरं चुकली, आणि चूक दर वेळी ३२६४० च्या पटीत. १३ तारखेची युक्ती आडवी आली. ॲक्टिव्हेशन ० असताना ट्रीतून ० येत नाही; उलट्या ओळीचे आठही बिट १ असतात, म्हणजे १२८ × २५५ = ३२६४०. पद वगळलं तर ते मिळवले जात नाहीत, पण शेवटी वजा मात्र होतात. वजा करायचे ते सगळ्या पदांचे नव्हे, न वगळलेल्या पदांचे. एका आडव्या रांगेतल्या आठही पीईंना तीच ॲक्टिव्हेशन मिळतात, म्हणून मोजणी रांगेला एकच: ११ बिटी काउंटर, एकूण आठ. शेवटी (संख्या << १५) − (संख्या << ७). क्रम महत्त्वाचा: आधी २६ बिटांत ही वजाबाकी, मग चिन्ह वाढवून ३२ बिट, मग बायस. चिन्ह आधी वाढवलं तर वळसा घेतलेली बेरीज तशीच गोठते.

२१ फेब्रुवारी

वगळणं म्हणजे नक्की काय थांबवायचं? 'शून्य मिळवलं तर काही बदलत नाही' हे हातचे वेगळे ठेवलेल्या साठ्यात खरं नाही. बेरजेची किंमत तीच राहते, पण बेरीज आणि हातचे यांची वाटणी दर क्लॉकला बदलते; बिटं हलत राहतात. क्लॉकच थांबवावा लागतो, पीईला एक क्लॉक-गेटिंग सेल.

ॲक्टिव्हेशनचं रजिस्टर थांबवता येत नाही, शेजाऱ्याला पुढे द्यायचं असतं. पण ते थांबवायची गरजही नाही. ॲक्टिव्हेशन ० असलं की अँड गेटांचा जाळा वजनाची हालचाल तिथेच अडवतो. शून्यांची ओळ लागली तर ट्री आपोआप शांत.

बूथमध्ये असं होत नाही. ऋण अंक आला की ० उलटून सगळे १ होतात, वजन बदलेल तसे ते उलटसुलट होत राहतात. ४ तारखेचा वाद इथे मिटला: डाडा.

२४ फेब्रुवारी

पॅडिंग. चित्राच्या कडेला कच्चं ० भरलं जात होतं. वरचा बिट उलटल्यावर ते १२८ होतं. कडेची एक-एक ओळ चुकीची, आतलं सगळं बरोबर. पॅडिंगमध्ये झिरो पॉइंटच भरायचा. रेलूनंतरच्या लेयरना तो चिन्हविरहित ० होतो, म्हणजे कडेची पदं वगळलीच जातात.

२७ फेब्रुवारी

योसिसने (स्टँडर्ड सेलच्या वाटेवरच्या सिंथेसिस टूलने) ट्रीतले फुल ॲडर साध्या गेटांत फोडले. त्यातला सेल निवडणारा भाग, एबीसी, दोन आउटपुटचा सेल स्वतःहून निवडत नाही. लायब्ररीतला फुल ॲडर हवा असेल तर ॲडरचा मॅप वेगळा द्यावा लागतो, आणि डिझाइनमध्ये प्रत्येक ॲडर नावाने, स्वतंत्र मॉड्यूल म्हणून उभा करावा लागतो. ट्री लिहिणारी छोटी स्क्रिप्ट तशी बदलली. फुल ॲडरच्या बेरजेच्या वाटेपेक्षा हातच्याची वाट साधारण वेगवान असते, तेव्हा उशिरा येणारे बिट कॅरी-इनच्या पायाला जोडायचे. स्क्रिप्टमध्ये एवढी क्रमवारी लावली.

५ मार्च

शेवटची पायरी: ३२ बिटी बेरीज × ३१ बिटी गुणांक, मग उजवीकडे सरकवून आठ बिट. एफपीजीएवर असा एक गुणाकार ४ डीएसपी खातो. आठ उभ्या रांगांना आठ केले तर ३२, पण तसे करायचं कारण नाही. ६४ आउटपुट सर्व पदं संपल्यावरच येतात. सर्वांत छोटी बेरीज २७ पदांची. दोन युनिट ठेवली तर ६४ आउटपुटांना ३२ क्लॉक, पहिल्याच लेयरमध्ये २८ नंतर ४ क्लॉक थांबावं लागेल. चालेल. ८ डीएसपी, एकूण ४०.

याहून स्वस्त मार्ग: गुणांक १७ बिटांचा घेतला तर २५ × १८ च्या एकाच डीएसपीत काम होतं. अट एकच, बायस आणि झिरो पॉइंट धरून अंतिम बेरीज २५ बिटांत मावली पाहिजे. सर्वांत वाईट १०२४ पदांना ती मावत नाही. ५१८ च्या पुढे हमी नाही. पण हमी पदसंख्येवरून का काढायची? वजनं समोर आहेत. चॅनेलमागे २५५ × (वजनांच्या केवल मूल्यांची बेरीज) + |बायस| ही २^२४ − १ च्या आत हवी, म्हणजे बायस शून्य धरला तर केवल मूल्यांची बेरीज ६५,७९३ पर्यंत. १०२४ पदांना सरासरी ६४ च्या जरा वर. (आधी प्रत्येक वजनाचं केवल मूल्य, मग बेरीज; स्क्रिप्टमध्ये पहिल्यांदा नेमकं उलटं लिहिलं गेलं होतं आणि सगळे चॅनेल पास होत होते.)

तपासणी आता मॉडेल रूपांतरणाच्या स्क्रिप्टमध्ये, −१२८ च्या तपासणीच्या खालीच. न बसणारा चॅनेल आला तर रूपांतरण त्याचा क्रमांक छापून थांबतं. संदर्भ मॉडेलमधला गुणांक आणि राउंडिंगही १७ बिटांप्रमाणे बदलले, नाहीतर बिट न बिट जुळवण्याला अर्थ राहत नाही.